रेडिओवरचा माणूस आपला का वाटतो?

निंबोणी

माझी आई ७९ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती एकटी राहते आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आजही रेडिओ असतो. गेल्या आठवड्यात तिने मला फोनवर एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. "केंद्राला एक कार्ड टाकायचं म्हणते. पण हल्ली कार्डं वाचतं का गं कुणी?"

आईच्या या प्रश्नामागे एक जुनी संध्याकाळ आहे. मी चौथीत असताना तिने आकाशवाणीच्या 'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी एक कार्ड पाठवले होते आणि घरात कोणाला सांगितले नव्हते. एके दिवशी ती भाकरी थापत असताना निवेदकाने आमच्या गावाचे नाव घेतले आणि पाठोपाठ तिचे. परातीतला हात तिथेच थांबला आणि तव्यावरची भाकरी जळून गेली. गाणे कोणते लागले ते आज तिला आठवत नाही. निवेदकाने आमच्या आडवळणाच्या गावाचे नाव अचूक उच्चारले, हे मात्र ती अजून सांगते. त्यानंतर कितीतरी वर्षे तो निवेदक आमच्या घरात 'आपला' होता. त्याला कधी कोणी पाहिले नाही आणि आईनेही दुसरे पत्र लिहिले नाही.

मला जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हजारो माणसांशी एकाच वेळी बोलताना ते प्रत्येकाला आपल्याशीच चाललेले बोलणे वाटावे, यासाठी आकाशवाणी आणि दूरदर्शनची माणसे जाणीवपूर्वक काय करत असत? आणि या आपलेपणामुळे आपल्या वागण्यात खरोखर काही बदल झाला, की ती केवळ एक सुखद सोबत होती?

शेवंती

आमच्या घरी सकाळचे सात वाजून पाच मिनिटे ही वेळ घड्याळात पाहावी लागत नसे. पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या, की वडिलांच्या हातात चहा आणि आमच्या पाठीवर दप्तर असलेच पाहिजे, असा शिरस्ता होता. सुधा नरवणे यांच्या आवाजात कधी घाई जाणवली नाही. बातमी वाईट असली तरी ती सांगणारी बाई शांत आहे, म्हणजे आपणही शांतपणे ऐकावे, असे नकळत शिकायला मिळाले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर होते का, ते मला ठाऊक नाही.

दवंडी

निंबोणीताई, मी १९८८ पासून अकरा वर्षे महाराष्ट्रातल्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ निवेदिकेने मला विचारले, "तुम्ही आत्ता कोणाशी बोललात?" मी म्हणालो, श्रोत्यांशी. त्या म्हणाल्या, "श्रोते असा कोणी माणूस नसतो. ओळखीचे एक माणूस निवडा आणि त्याच्याशी बोला." मी माझ्या आत्याला निवडले. दुपारची सभा, म्हणजे दुपारचे प्रसारण, सुरू असताना ती ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असे. मग मी बोलताना तिची बोटे डोळ्यांसमोर आणू लागलो. माझे वाक्य इतके लांबले, की ते संपेपर्यंत तिचा हात थांबून राहील, तर ते वाक्य चुकले. आकाशवाणीची संथ लय ही पुष्कळांना सरकारी शिस्त वाटते. त्या शिस्तीचा भाग त्यात होताच, पण श्रोत्याचे हात कामात असतात आणि त्याचा फक्त कान आपल्याला मिळालेला असतो, हे भानही त्यात होते.

दुसरी गोष्ट गावांच्या नावांची. ड्यूटी रूममध्ये एक जाड वही असे. तिच्यात आमच्या प्रक्षेपणक्षेत्रातल्या गावांची नावे उच्चारासह लिहिलेली होती. फर्माइशीची कार्डे आली, की सभेच्या आधी ती चाळून अनोळखी गावाचे नाव वहीत शोधायचे आणि तेथे नसले तर त्या बाजूच्या शिपायाला किंवा वाहनचालकाला विचारायचे. एकदा मी हा आळस केला आणि एका गावाचे नाव चुकीचे वाचले. पुढच्या आठवड्यात त्या गावाहून तीन कार्डे आली. एकातही राग नव्हता, तिघांनीही नाव कसे म्हणायचे ते मात्रांसह लिहिले होते. ती कार्डे मी कित्येक वर्षे जपून ठेवली होती.

तुमच्या आईच्या गावाचे नाव अचूक वाचणाऱ्या निवेदकाने माइक सुरू करणारा फेडर वर करण्यापूर्वी बहुधा कोणाला तरी ते विचारले असणार.

रोखठोक

सर्वांच्या भावनांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. त्या काळी ऐकायला दुसरे होते काय? मुंबईत १९२७ मध्ये रेडिओ केंद्र सुरू झाले तेव्हापासून खासगी एफएम वाहिन्या येईपर्यंत बहुतेक मराठी घरांत एकच आवाज येत होता, आणि जो आवाज एकटाच असतो तो आपला वाटणारच. प्रभाव निवेदकाच्या कौशल्याचा होता, की पर्याय नसल्याचा, याचा हिशेब आधी व्हायला हवा. माझ्या आजोबांना बाजारभाव ऐकायचे असत आणि ते ऐकण्यासाठी त्यांना त्यापूर्वीची भाषणे ऐकावी लागत. त्याला ऋणानुबंध म्हणणे मला जड जाते.

विविधा

रोखठोक, पर्याय नव्हता हे पूर्णपणे खरे नाही, आणि ज्या प्रसंगाने ते सिद्ध होते त्याच्या मध्यभागी एक मराठी माणूस आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि आकाशवाणीने लोकांची अभिरुची घडवली पाहिजे, असे ते मनापासून मानत. त्यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत, त्यांनी फक्त सुई फिरवली. रेडिओ सिलोनच्या लघुलहरी केंद्राकडे महायुद्धाच्या काळातला शक्तिशाली प्रक्षेपक होता आणि त्याचा आवाज भारतभर पोहोचत असे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तेथून अमीन सयानींचा 'बिनाका गीतमाला' हा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून आवाज पुन्हा आपल्याकडे येई. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. इतका मोठा सरकारी निर्णय श्रोत्यांनी केवळ दुसरीकडे कान वळवून बदलायला लावला, याला मी श्रोत्यांचा प्रभाव म्हणेन.

रोखठोक

केसकरांचा मुद्दा मान्य आहे. पण त्यातून सिद्ध होते ते गाण्यांवरचे प्रेम. निवेदकावरचे प्रेम त्यातून कसे सिद्ध होईल?

विविधा

पत्रांवरून. गीतमालेच्या पहिल्या कार्यक्रमाला ९ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला, असे सयानी स्वतः सांगत. गाणे आवडले तर माणूस गुणगुणतो. पत्र लिहायला बसतो, तो पलीकडे कोणी वाचणारे आहे असे वाटते म्हणून. गावोगावी श्रोता संघ निघाले होते आणि गाण्यांचा क्रम ठरवताना त्यांचे कौल जमेस धरले जात. म्हणजे झुमरी तिलैयासारख्या लहान गावातल्या तरुणाच्या आवडीला देशाच्या क्रमवारीत जागा होती. शिवाय सयानी 'बहनों और भाइयों' म्हणत, त्यात बहिणी आधी होत्या. घरात रेडिओ पुरुषांच्या खोलीत आणि स्त्रिया दाराआडून ऐकत असतील, तेव्हा त्या दोन शब्दांचा क्रम त्यांच्या लक्षात आला नसेल, असे मला वाटत नाही.

कातरवेळ

निवेदकापुरतेच कशाला बोलायचे? मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतली मीनावहिनी, प्रभाकरपंत आणि टेकाडे भावोजी ही आमच्या चाळीतली माणसे होती. टेकाडे भावोजींचा आवाज बाळ कुडतरकरांचा आणि मीनावहिनींचा नीलम प्रभू यांचा, हे आम्हांला माहीत असूनही आई मात्र "आज भावोजी काय म्हणाले?" असेच विचारायची.

शेवंती

कातरवेळ, तुमचे 'भावोजी' वाचून लगेच लक्षात आले. २००४ मध्ये 'होम मिनिस्टर' सुरू झाले, तेव्हा आदेश बांदेकरांनाही महाराष्ट्राने भावोजीच केले. दिराच्या नात्यात थट्टेची मुभा असते, पण मर्यादाही असते. परक्या पुरुषाने स्वयंपाकघरापर्यंत यावे आणि घरातल्या बाईला तिचे लग्न कसे जमले ते सासूदेखत विचारावे, हे दुसऱ्या कोणत्या नात्याने शोभले असते? पैठणी एकीलाच मिळते, पण तिला कोणीतरी अर्धा तास फक्त तिच्याविषयी विचारले, हे शेजारच्या प्रत्येकीने पाहिलेले असते.

अभ्यासिका

निंबोणी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर आपल्या पुणे केंद्रावर झालेला एक प्रयोग पाहावा लागेल. श्राव्य माध्यमांच्या अभ्यासकांना तो जगभर ठाऊक आहे. मराठी वाचकांत मात्र त्याची चर्चा अजिबात होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावातली माणसे एकत्र बसून ऐकत, रेडिओ बंद झाला की आपसांत चर्चा करत आणि त्यातून निघालेले प्रश्न मंडळाचा निमंत्रक पुण्याला लिहून पाठवत असे. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असे त्याचे सूत्र होते.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि पॉल न्यूरॅथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली. काहींमध्ये रेडिओ होता पण मंडळ नव्हते आणि काहींमध्ये रेडिओही नव्हता. मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांतली वाढ त्यामानाने फारच थोडी होती. कार्यक्रम तेच होते, निवेदकही तेच होते. फरक पडला तो ऐकल्यानंतर माणसे एकमेकांशी बोलली यामुळे, आणि आपण विचारले तर पुण्याहून उत्तर येते, या अनुभवामुळे.

याच १९५६ साली अमेरिकेत हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. पडद्यावरचे किंवा रेडिओवरचे माणूस आपल्या ओळखीचे आहे, असे प्रेक्षकाला वाटते, पण त्या माणसाला प्रेक्षकाची काहीच ओळख नसते, अशा एकतर्फी जवळिकीविषयी तो निबंध आहे. माध्यमांच्या अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेख हमखास येतो. मला नेहमी वाटते, की तिकडे एकतर्फी जवळिकीला नाव दिले जात होते, त्याच वर्षी इकडे नगर-नाशिकची शेतकरी मंडळी ती जवळीक दुतर्फी करून दाखवत होती.

नेवासकर

अभ्यासिकाताई, आपला प्रतिसाद वाचून मी आजोबांची पेटी उघडली. ते आमच्या गावच्या श्रोतृमंडळाचे निमंत्रक होते, एवढेच मला ऐकून माहीत होते. पेटीत एक वही मिळाली. वाळवीने अर्धी खाल्ली आहे, पण शाईचे अक्षर वाचता येते. एका पानावर सभासदांची नावे आहेत, दुसऱ्यावर प्रश्न. "कंपोस्टचा खड्डा घरापासून किती हातांवर असावा?" असा पहिला प्रश्न आहे. त्याखाली वेगळ्या शाईत "उत्तर आले. १५ जणांनी ऐकले." असे लिहून पुढे तारीख घातली आहे.

वडील सांगतात, की उत्तर येईल त्या दिवशी मंडळाचे सभासद नसलेली माणसेही चावडीपुढे येऊन बसत. आपल्या गावाचा प्रश्न पुण्यात कोणीतरी वाचला, याचेच अप्रूप मोठे होते. नंतर ही मंडळे बंद का पडली?

अभ्यासिका

नेवासकर, ती वही कृपया जपा. तिची छायाचित्रे काढून ठेवा आणि शक्य असेल तर एखाद्या ग्रंथालयाकडे द्या.

१९५९ नंतर ही योजना देशभर नेण्यात आली. पण पुण्याच्या प्रयोगात प्रत्येक मंडळाकडे लक्ष देणारी माणसे होती, पत्रे वेळेवर वाचली जात आणि उत्तरे दिली जात. हजारो मंडळे झाल्यावर ते जमले नाही. उत्तर यायचे थांबले, की प्रश्न लिहिणारा हात थांबतो आणि मग संच फक्त गाण्यांसाठी लावला जातो. माझ्या मते मंडळांच्या ऱ्हासाचे मुख्य कारण हेच आहे. तरीही श्रोत्यांनी ऐकून शेती बदलली याची उदाहरणे आहेत. तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी एडीटी-२७ या भाताच्या वाणाची माहिती रेडिओवर ऐकली आणि त्याला 'रेडिओ भात' असेच नाव पडले.

मांडवीकाठ

पत्र येण्याची शक्यताच नसेल, तर? गोव्याचे उदाहरण सांगते.

पोर्तुगीज राजवटीत पणजीहून 'एमिसोरा द गोवा' हे सरकारी केंद्र चालत असे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून एक गुप्त केंद्र सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकला हलवले गेले. पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन भाषांतून ते बोलत. गोव्यात हे केंद्र ऐकणे धोक्याचे होते, म्हणून लोक दारे लावून, आवाज अगदी बारीक करून ऐकत. अशा श्रोत्याने पत्र कोणाला आणि कसे लिहावे?

पण ही दोघे स्वतः ऐकत. पणजीचे सरकारी केंद्र काय सांगते, वृत्तपत्रांत काय येते, ते रोज टिपून त्यातल्या खोट्याला ते उत्तर देत. त्यामुळे घरात बसलेल्या गोंयकाराच्या मनात दुपारी जो प्रश्न आला असेल, त्याचे उत्तर त्याने न विचारताच मिळे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी लोकांना सांगितली. सहा वर्षे ज्यांचे फक्त आवाज ऐकले, ते त्या दिवशी आभाळातून आले. माझ्या मावशीआजीच्या तोंडून हा प्रसंग मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा तिचा गळा दाटून आला.

दवंडीकाकांनी म्हटले, की एका माणसाशी बोलावे. मी त्यात एवढीच भर घालीन, की बोलण्यापूर्वी त्या माणसाच्या कानावर दिवसभर काय पडले आहे, तेही ठाऊक असावे.

पडद्यामागे

मी बारा वर्षे मुंबईत दूरचित्रवाणी मालिकांच्या नियोजनाच्या कामात आहे, म्हणून आजची बाजू लिहितो.

आमच्याकडे पत्र येत नाही, गुरुवार येतो. देशभरातल्या ५० हजारांहून अधिक घरांत मापनयंत्रे बसवलेली आहेत. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते आणि ते यंत्र तिच्यावरून कोणती वाहिनी चालू आहे ते ओळखते. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे आकडे गुरुवारी सकाळी हाती पडतात आणि त्यानंतर दिवसभर आमच्या मजल्यावर त्या आलेखाशिवाय दुसरा विषय नसतो. कोणत्या मिनिटाला प्रेक्षक निघून गेला, हे त्यात दिसते. सुनेने उलट उत्तर दिले त्या मिनिटाला रेघ वर गेली, की लेखकाला निरोप जातो आणि पुढच्या आठवड्यात ती तीनदा उलट उत्तर देते.

मी या आकड्यांच्या विरोधात नाही, कारण त्यांच्यामुळे प्रेक्षकाची दखल घेणे आम्हांला टाळता येत नाही. परंतु प्रेक्षक कधी गेला एवढेच आकडा सांगतो. तो का गेला, हे सांगण्याची सोय त्यात नाही. कदाचित दूध उतू गेले असेल, कदाचित सासरी तसेच काही घडलेले असेल आणि तिला पाहवले नसेल. नेवासकरांच्या आजोबांच्या वहीतला एक प्रश्न माझ्या टेबलावर आला असता, तर मला त्याचे काय करायचे ते कळले असते. पूर्वी ज्या एका खासगी वाहिनीत मी होतो, तेथे प्रेक्षकांचे संदेश म्हणून जे पडद्यावर फिरत, त्यातले निम्मे आम्हीच कार्यालयात बसून लिहीत होतो. मी तेव्हा नवखा होतो आणि सांगितले ते केले. त्याची खंत आजही वाटते.

शेवंती

पडद्यामागे, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आभार. आपण 'का' विषयी लिहिले, त्यावरून 'हम लोग' आठवली. जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या काळात चाललेली ही मालिका मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्या शिक्षणपर मालिकांच्या धर्तीवर बेतलेली होती. लहान कुटुंब आणि स्त्रियांचा दर्जा हे विषय कथेतून पोहोचवायचे होते. भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. मालिकेला सुमारे ४ लाख पत्रे आली.

त्यातली भागवंती ही आई नवऱ्याचे आणि सासूचे सारे काही मुकाट्याने सोसते. असे सोसू नये, हे दाखवण्यासाठी ते पात्र लिहिले होते. नंतरच्या अभ्यासात आढळले, की अनेक स्त्रियांनी तिलाच आदर्श मानले. माझी आजी त्यांतली एक. "बाई असावी तर अशी," असे ती प्रत्येक भागानंतर म्हणायची. तिने स्वतः तेच आयुष्य काढले होते. पडद्यावर कोणीतरी तिचे कष्ट पहिल्यांदाच दाखवत होते आणि ते चुकीचे होते असे ऐकण्याची तिची तयारी नव्हती. तिला मी दोष देत नाही. प्रसारक एक गोष्ट सांगतो आणि ऐकणारा आपल्या आयुष्याच्या मापाने दुसरी गोष्ट घेतो, एवढे मला त्यातून कळले.

रोखठोक

चर्चा वाचून माझे मत बरेच बदलले आहे. पण सगळेच पत्रांना आणि दुतर्फी नात्याला इतके चांगले मानत आहेत, म्हणून एक कठीण उदाहरण देतो. १९९३ मध्ये रवांडात 'मिल कॉलिन' नावाचे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. सरकारी केंद्राच्या कोरड्या भाषेला कंटाळलेल्या तरुणांना ते लगेच आवडले. चांगले संगीत, चहाच्या टपरीवर चालावे तसे बोलणे, श्रोत्यांचे दूरध्वनी, सारे काही त्यात होते. एप्रिल १९९४ मध्ये हत्याकांड सुरू झाले, तेव्हा त्याच आवाजांनी माणसांची नावे आणि ठिकाणे सांगून त्यांना मारायला लावले. त्या केंद्राशी संबंधित लोकांना पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये शिक्षा सुनावली. तेथेही निवेदक 'आपला' वाटत होता आणि श्रोता उलट बोलत होता. मग फरक कोठे करायचा?

दवंडी

रोखठोक, आपल्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला.

आमच्या केंद्रावर प्रत्येक कार्ड वाचले जाई, पण प्रत्येक कार्ड प्रसारित होत नसे. एखाद्याने भावकीच्या भांडणातून शेजाऱ्याचे नाव घालून काही लिहिलेले असे. ते कार्ड बाजूला ठेवले जाई आणि ड्यूटी ऑफिसर त्यावर सही करत असे. नव्या मुलांना हा जाच वाटे, मलाही वाटत असे. आज वाटते, की ज्याचे नाव आपण घेणार आहोत तोही आपला श्रोता आहे, हे मनात पक्के असले पाहिजे. मी आत्याशी बोलत होतो, पण तिच्या बांधाला बांध असलेला शेजारीही तेच ऐकत होता. रवांडाच्या त्या निवेदकांनी श्रोत्यांमधून एक अख्खा समाज मनातून वगळला होता.

अभ्यासिका

मी यात एक भर घालते. पुण्याच्या प्रयोगात रेडिओ बंद केल्यानंतरची चर्चा महत्त्वाची होती. रेडिओने सांगितलेले आमच्या गावात चालणार नाही, असे म्हणायला तेथे जागा होती. निवेदकाचा शब्द मान्य करण्यापूर्वी चौघांत तपासला जात होता.

माणदेशकर

आमच्या म्हसवडच्या 'माणदेशी तरंग' या सामुदायिक केंद्रावर २००८ पासून आजूबाजूच्या गावांतल्या बायका माणदेशी बोलीत बोलत आहेत. केंद्राचा आवाज फार दूर जात नाही. पण काल बोललेली बाई आज आठवडी बाजारात भेटते आणि "तू सांगितलंस ते बियाणं मिळालं नाही बघ," असे तिला तोंडावर ऐकावे लागते. बाजारात भेटणाऱ्या माणसाला खोटे सांगता येत नाही.

निंबोणी

सर्वांचे आभार. हे सारे मी आईला फोनवर वाचून दाखवले. पुण्याच्या मंडळांचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. दवंडीकाका, मूळ प्रश्न मात्र राहिला आहे. कार्ड पाठवावे का?

दवंडी

जरूर पाठवावे. मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली. बहुतेक संदेश आता मोबाइलवर येतात, कार्डे क्वचित येतात, पण आलेले कार्ड वाचतात. गावाचे नाव सुट्या अक्षरांत लिहावे आणि तालुकाही घालावा, म्हणजे नव्या निवेदकाला उच्चारासाठी शोधाशोध करावी लागणार नाही. उत्तराची वाट पाहताना थोडा धीर धरावा, अशी आईंना माझी विनंती सांगा.

निंबोणी

शनिवारी गावी गेले होते. टपाल कार्यालयातून पन्नास पैशांचे कार्ड आणले. आईचा हात आता थरथरतो, म्हणून तिने सांगितले आणि मी लिहिले. मला वाटले होते, की ती एखादे जुने गाणे मागेल. तिने गाणे मागितलेच नाही. कार्डावर पत्ता सोडून एवढाच मजकूर आहे:

"सकाळच्या निवेदिकाताईंस सप्रेम नमस्कार. गेले चार दिवस तुमचा घसा बसलेला ऐकू येतो. आल्याचा रस आणि मध घ्यावा, थंड पाणी पिऊ नये. बरे वाटल्यावर आवाजावरून आम्हांस कळेलच."